शिवारात उतरणारी छत्री

पॅरिसमध्ये २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ नावाचा माणूस हायड्रोजनच्या फुग्याला टांगलेल्या टोपलीतून उंच गेला आणि त्याने फुग्याची दोरी कापली. डोक्यावरची कापडी छत्री उघडली खरी, पण टोपली लंबकासारखे भयानक हेलकावे खाऊ लागली. छत्रीत कोंडलेली हवा कडेने वाट मिळेल तशी निसटत होती. गडी जिवंत उतरला. पुढे छत्रीच्या माथ्यालाच भोक ठेवू लागले, तेव्हा झोके आवरले.

आपल्याकडे कोलकात्याचे रामचंद्र चटर्जी १८८९ साली एकटे फुग्यातून उडाले आणि १८९० मध्ये छत्रीने उतरले. लोक ते खेळ म्हणून पाहत. या खेळाला प्रयोगशाळेची शिस्त आणली ती होमी भाभांच्या मंडळींनी. विश्वकिरण वातावरणात शिरून विरायच्या आत गाठायचे, तर यंत्रे वर न्यायला हवीत. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. आधी रबरी फुगे, मग पॉलिथिनचे. ते भाजीच्या पिशवीपेक्षाही पातळ असतात, पण शेकडो किलोंचा भार उचलतात. आता हे काम हैदराबादच्या केंद्रातून चालते.

तिथून २० एप्रिल २००५ रोजी उडालेल्या फुग्याने पोलादाच्या सोळा नळ्या नेल्या आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी ती तपासली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. एकीला आर्यभटांचे नाव दिले आहे.

आता सात रस्त्यावरच्या माणसाला याचे काय, असे कुणी विचारील. फुगा वारा नेईल तिकडे जातो. काम संपले की यंत्रांची पेटी रंगीत छत्रीने खाली येते, ती कुणाच्या तरी ज्वारीत, तुरीत! संस्थेच्या जाहीर सूचनेत लातूर, धाराशिव, बीड यांच्याबरोबर सोलापूर जिल्ह्याचेही नाव असते. कुतूहलाने पेटी उघडली, तर कित्येक महिन्यांची मेहनत बांधावरच संपते. पेटीवर पत्ता असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवायचे. कळवणाऱ्याला बक्षीस आणि झालेला खर्च मिळतो. पेटीशी छेडछाड केली असेल, तर बक्षीस नाही.