सॅटेलाइट नकाशातली ‘झाडं’ म्हणजे जंगल का? जालन्याच्या मोसंबीवरून समजून घ्या

अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातली मोसंबीची बाग जगाच्या नकाशावर कोणत्या रंगात दिसायला हवी? शेतकरी म्हणेल, शेतीच्या. पण युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘वर्ल्डकव्हर’ नकाशाच्या नियमानुसार ती ‘वृक्षाच्छादन’ या वर्गात जाते, म्हणजे जंगलाच्याच रंगात. या नकाशात ‘शेती’ म्हणजे फक्त वर्षभरात पेरून काढलेलं पीक. कापूस, सोयाबीन, तूर चालेल, फळबाग नाही. आणि हरितगृह? ते चक्क ‘बांधकाम’. बीजोत्पादनासाठी शेडनेट, पॉलिहाउस उभारणाऱ्या जालन्यात हे लक्षात ठेवावंच लागतं.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टरहून मोठ्या आणि किमान १० टक्के छत्र असलेल्या जमिनीला ‘वनाच्छादन’ म्हणते. मालकी कुणाची हे त्यात पाहिलं जात नाही, त्यामुळे फळबागाही मोजल्या जातात. म्हणून नकाशाचा स्क्रीनशॉट टाकून ‘जालन्यात जंगल वाढलं’ म्हणणाऱ्यानं आधी व्याख्या वाचलेली बरी.

७६.७ टक्के अचूक म्हणजे काय?

वर्ल्डकव्हरच्या २०२१ च्या नकाशाची जागतिक अचूकता ७६.७ टक्के सांगितली जाते. ती काढायची पद्धत साधी आहे. जगभरातले हजारो बिंदू निवडायचे, जाणकारांनी स्पष्ट छायाचित्रं पाहून तिथं खरं काय आहे ते ठरवायचं आणि मग नकाशाशी ताळा करायचा.

यात दोन वेगळे प्रश्न असतात. समजा, नकाशानं ‘झाडं’ दाखवलेले १०० बिंदू तपासले आणि ८० ठिकाणी खरंच झाडं निघाली. हा झाला नकाशावरचा भरवसा. पण प्रत्यक्ष झाडं असलेल्या १०० ठिकाणांपैकी ४० नकाशानं हेरलीच नसतील, तर तीही चूकच. एकच टक्केवारी या दोन्ही गोष्टी झाकून टाकते.

शिवाय निकाल पट्टीवरही ठरतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत २०२० चा वर्ल्डकव्हर नकाशा जागतिक नमुन्यावर ६५ टक्के ठरला. गूगलचा ‘डायनॅमिक वर्ल्ड’ ७२, एस्रीचा ७५. युरोपातल्या अधिक बारीक नोंदी घेतल्यावर मात्र वर्ल्डकव्हरच ७१ टक्क्यांसह पुढे गेला. नकाशे तेच, क्रम उलटा! आणि यातला कोणताही आकडा जालन्याचा नाही.

गुंठ्याएवढा ठिपका

या नकाशांचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. ३० बाय ३० मीटरचं शेततळं कागदावर नऊ पिक्सेलचं. पण पिक्सेलची चौकट बांधावर बसत नाही. कडेच्या पिक्सेलमध्ये पाणी, प्लॅस्टिक आणि माती यांची सरमिसळ होते आणि निव्वळ पाण्याचे जेमतेम चार उरतात. उन्हाळ्यात तळं आटलं तर तेही नाहीत. नांगरून पडलेलं रान मे महिन्यात उघडी जमीन वाटू शकतं. खरिपात ढग आडवे येतात, तेव्हा रडारच्या नोंदींची मदत घ्यावी लागते.

२०२० आणि २०२१ शेजारी ठेवले तर?

हा मोह टाळा. वर्ल्डकव्हरचे हे दोन नकाशे वेगवेगळ्या अल्गोरिदमनं बनलेत. त्यामुळे दिसणारा फरक जमिनीतला की पद्धतीतला, हे नुसत्या वजाबाकीतून कळत नाही.

उलटही घडतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांना त्या तोडाव्या लागल्या. पण ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’वरचा वृक्षहानीचा नकाशा पाच मीटरहून उंच झाडंच धरतो. मोसंबी त्याच उंचीच्या आसपास घुटमळते. म्हणजे वर्षानुवर्षं जपलेली बाग गेली, तरी तिथं नुकसानीचा एकही ठिपका उमटला नसण्याची शक्यता आहे.

घरबसल्या तपासायचं असेल तर

तालुक्यातले ५० बिंदू चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडा. फक्त रस्त्यालगतचे नकोत. नकाशाचं उत्तर न पाहता, त्याच वर्षाचं गूगल अर्थवरचं चित्र बघून आपलं उत्तर लिहा आणि मग जुळवा. पिकाबद्दल शंका असेल तर ई-पीक पाहणीची नोंद उपयोगी पडते. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पाहणीत शेतकरी गट क्रमांकानुसार पीक आणि फोटो नोंदवतो. ती नोंद शेतकऱ्यानं स्वतः भरलेली असते, एवढं ध्यानात ठेवून वापरा.