वाशी, पण कुठली?

परवा ऑफिसात एक यादी साफ करत होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, पत्ते अर्धवट भरलेले. मी आपला शहाणपणा करून एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली: जिल्हा रिकामा असेल आणि कुठेही 'वाशी' दिसलं, तर 'ठाणे' भर. संध्याकाळी चाळताना एका ओळीवर अडकलो. गाव तेरखेडा, तालुका वाशी, जिल्हा ठाणे.

तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव, आमच्याच तालुक्यातलं. अस्मादिक मूळचे धाराशिवच्या वाशीचे, जन्मभर "नवी मुंबईतली का?" ऐकून वैतागलेले. आणि तीच चूक माझ्या हातून! त्या मुलीचा अर्ज ठाण्याच्या ढिगात जाऊन पडला असता. यादी पुन्हा पहिल्यापासून चालवली. (हुश्श!)

मग अख्खा विकांत याच विचारात गेला. संगणकाला जग समजावून सांगायची जी रीत १९९९ साली आरडीएफ या नावानं प्रमाण ठरली, तिच्यात प्रत्येक विधानाला तीनच खण: 'वाशी – भाग आहे – उस्मानाबाद जिल्हा'. दोन गोष्टी आणि मधलं नातं. दिसायला झकास. पण आमच्या आजोबांना यात बसवून बघा.

आजोबा जन्मले तेव्हा वाशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ते संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हातारा वाड्याच्या ओसरीवरून हलला नाही, पण 'वाशी कशाचा भाग आहे' याचं उत्तर तीनदा बदललं. यातलं एकही उत्तर खोटं नाही, फक्त प्रत्येकाला तारीख हवी. ती लिहायला त्या तीन खणांत जागाच नाही! २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटानं ही सोय ठेवली: नात्यालाच 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' जोडता येतं.

आमच्या जिल्ह्याची गंमत तर आणखीच. १९८२ साली त्यातून लातूर वेगळा झाला. म्हणजे १९७१ च्या जनगणनेतला उस्मानाबाद आणि १९९१ चा उस्मानाबाद, नाव एक पण जिल्हे दोन. हे आकडे शेजारी ठेवून कोणी 'लोकसंख्या घटली' म्हणाला तर त्याला काय सांगणार? उलट २०२३ साली उस्मानाबादचा धाराशिव झाला, तिथे नावं दोन पण जिल्हा एकच. त्यातही शहराच्या नावाला केंद्राची संमती फेब्रुवारीत आली आणि जिल्ह्याच्या नावाची अंतिम अधिसूचना सप्टेंबरात. शहर आणि जिल्हा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला तरी तेव्हाच नीट कळलं. आमच्या तक्त्यात दोघांना मिळून एकच ओळ होती.

सोमवारी ती ओळ फोडली. प्रत्येक ठिकाणाला नावावर न अवलंबणारा क्रमांक दिला, नावं वेगळ्या तक्त्यात टाकली आणि नात्यांना तारखांचे दोन रकाने जोडले. साहेब म्हणाले, एका तालुक्यासाठी एवढा खटाटोप? मी तेरखेड्याची ओळ दाखवली.

रात्री आजोबांना फोन केला, जन्मठिकाण नेमकं काय लिहू म्हणून.

"वाशी," म्हणाले. "पुढचं तू बघ."