‘अंगावरून वारं’ आणि घरातले हात

भवानीनगर-सणसरच्या पट्ट्यात जुनी माणसे अर्धांगवायूला ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. ही समजूत फार जुनी. चरकसंहितेनेही हा आजार वातव्याधींत धरला आणि तेल, शेक सांगितले. गावोगावी त्यात कबुतराच्या रक्ताची भर पडली. त्याने कबुतराचा जीव गेला, एवढेच. रोग्याने पडून राहायचे आणि इतरांनी चोळायचे, ही रीत मात्र कायम राहिली.

रोग्याने स्वतः हालचाल करायची, ही गोष्ट आपल्याकडे रुजली ती पोलिओमुळे. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, १९५५ मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था. पण ही विद्या शहरातच राहिली. नीरा डाव्या कालव्यावरचा माणूस दवाखान्यातून सुटला की थेट खाटेवर.

१९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने वेगळी वाट धरली. हेलँडर, नेल्सन आणि श्रीलंकेच्या पद्मनी मेंडिस यांनी चित्रांची पुस्तके तयार केली. व्यायाम शिकवणारा कोण? घरातलाच माणूस. कल्पना इतकी सरळ, की पुढे कितीतरी वर्षे ती कोणी नीट तपासलीच नाही.

तपासली ती भारतातच. १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शंभरातली सत्तेचाळीस माणसे एकतर दगावलेली, नाहीतर परावलंबी. फरक शून्य! यावरून व्यायाम फुकट, असे मात्र ठरत नाही. दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार आणि थोडाफार व्यायाम मिळतच होता. घरच्यांवर सोपवले की काम झाले, हा भरवसा तेवढा डळमळला.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की खाटेच्या कडेला दोन्ही पाय टेकून बसावे, जवळ कोणी उभे असताना उठावे, बसावे, रोज, मोजून. दुबळ्या हाताने रिकामा तांब्या पुढे सरकवावा. लुळा हात ओढून रोग्याला उठवू नये, खांदा निखळतो. रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

पण हे करून घ्यायला माणूस लागतो. छत्रपती कारखान्याच्या गाळपाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचलही त्या जोडीच्या नावावर. अशा कोपीत नवरा आडवा झाला, तर त्याला दिवसातून चार वेळा उभे करणारी बाई पहाटेच फडात गेलेली असते. ती थांबली तर कोयताच थांबतो, आणि उचल मात्र फेडायचीच असते.