आई, यात दारू नाही

गेल्या ऑक्टोबरमधली शनिवारची रात्र. बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावरच्या माझ्या छोट्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं शेगडीवर होतं. त्यात सफरचंदाचा गढूळ, तपकिरी रस, दालचिनीच्या दोन कांड्या, सात-आठ लवंगा आणि संत्र्याची साल. तिकडे कराडजवळच्या आमच्या गावात रविवारची सकाळ उजाडत होती. आई चहाचा कप घेऊन व्हिडिओ कॉलवर आली.

"काय उकळतीयस? काढा?"

"काढ्यासारखंच गं. साइडर म्हणतात. इथे थंडी सुरू झाली की सगळे पितात."

आईने कप खाली ठेवला. "त्यात दारू असती का?"

आमच्या घरात हा प्रश्न सहज विचारला जात नाही. माझे वडील दारूने गेले, तेव्हा मी अकरावीत होते. त्याच्या आदल्या वर्षी गावात 'उभी बाटली, आडवी बाटली'चं मतदान झालं होतं. दुकान चालू राहावं की बंद व्हावं, याचा कौल गावातल्या बायकांनी चिठ्ठीवर द्यायचा. आई त्या दिवशी सकाळी सातला रांगेत उभी होती. तिने कुणाला मत दिलं, हे घरात कुणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती.

"नाही आई, यात दारू नाही. रस आहे नुसता," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी माझी मलाच शंका आली. कॅन मोठा होता, एक गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा. फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून उरलेला रस जिन्यातल्या खिडकीपाशी ठेवला होता. मधले चार दिवस ऊन पडलं. झाकण फिरवलं तर फस्स करून हवा सुटली. वास घेतला. आंबूस, थोडा गोड. बाबांच्या शर्टाला यायचा तो वास नव्हता, पण त्याचा लांबचा नातेवाईक नक्की होता.

मी कॅन सिंकमध्ये ओतला. पण ओतून प्रश्न सुटला नाही. मी आईशी खोटं बोलले होते का?

सोपं उत्तर असं, की साइडर या शब्दाचा अर्थ तुम्ही अटलांटिकच्या कुठल्या काठावर उभे आहात त्यावर ठरतो. इंग्लंडमध्ये साइडर म्हणजे आंबवलेलं, अल्कोहोल असलेलं पेय. अमेरिकेत नुसतं साइडर म्हटलं की बहुधा न गाळलेला ताजा रस. अल्कोहोल असेल तर त्याला 'हार्ड साइडर' म्हणायचं. पण खरं तर ही दोन वेगळी पेयं नाहीत. एकाच पेयाचे हे दोन दिवस आहेत. सफरचंदाच्या सालीवर आणि रस काढायच्या घाण्यावर यीस्ट असतंच. रस पाश्चराइझ केला नाही आणि उबेला ठेवला, तर ते साखर खाऊ लागतं. थंडीत हे काम मंदावतं, थांबत नाही. आपल्याकडची नीरा आणि ताडी आठवा. पहाटे नीरा, दुपारी ताडी. झाड तेच, मडकं तेच.

मग अमेरिकेने यांच्यामध्ये रेघ ओढली कुठे, आणि कुणी? हे शोधायला गेले आणि महिनाभर त्यातच अडकले.

सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाले इथे आले, तेव्हा या भूमीवर जंगली, छोटी, तुरट क्रॅबअ‍ॅपल सोडली तर सफरचंद नव्हतं. बिया आणि रोपं त्यांनी सोबत आणली. बार्ली इथल्या शेतात धड येईना, सफरचंद मात्र कुठेही रुजलं. त्यामुळे घरोघरी बिअरऐवजी साइडर आलं. शेतकरी, मजूर, पाद्री, पोरंबाळंही प्यायची. पोरांना पातळ करून देत. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स मॅसॅच्युसेट्सचेच. सकाळी उठल्यावर ते पेलाभर साइडर घेत. त्या काळात नुसतं 'साइडर' म्हटलं की ते आंबलेलंच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असे.

इथल्या शाळांत 'जॉनी अ‍ॅपलसीड'ची गोष्ट सांगतात. अनवाणी चालणारा, बिया पेरत जाणारा भला माणूस. हा खराखुरा माणूस होता. नाव जॉन चॅपमन, जन्म १७७४, गाव लिओमिन्स्टर. माझ्या घरापासून ते फार लांब नाही. पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना असा तो पश्चिमेकडे सरकत गेला आणि वाटेत रोपवाटिका लावत गेला. गोष्टीत एक तपशील सहसा गळतो. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं फळ येत नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच. चांगलं खायचं फळ हवं तर कलम करावं लागतं, आणि चॅपमन धार्मिक श्रद्धेपोटी कलमाच्या विरोधात होता. त्याच्या झाडांची फळं बहुतेक आंबट-तुरट. चावून खायला नकोशी, साइडरला उत्तम. म्हणजे पाठ्यपुस्तकातला हा संत गावोगाव दारूचा कच्चा माल पेरत होता, असंही म्हणता येईल.

१८४० साली तर साइडरने निवडणूक जिंकून दिली. विल्यम हेन्री हॅरिसन या उमेदवाराची विरोधी वर्तमानपत्राने टिंगल केली. याला हार्ड साइडरचं एक पिंप आणि पेन्शन द्या, हा लाकडी झोपडीत सुखाने पडून राहील, अशा अर्थाची. हॅरिसनच्या लोकांनी तोच झेंडा केला. मिरवणुकांत लाकडी झोपड्या ओढल्या आणि लोकांना साइडर पाजलं. उमेदवार प्रत्यक्षात व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यातला. पण जिंकला, आणि शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारला.

हे वाचताना मला गंमत वाटत होती. मग एक प्रश्न पडला आणि गंमत संपली. पिंप रिकामं झाल्यावर हे सगळे पुरुष घरी जात असतील. तिथे कोण होतं?

दारूबंदीची अमेरिकन चळवळ तेव्हा सुरू झालेली होती. 'अमेरिकन टेम्परन्स सोसायटी' १८२६ मध्ये बॉस्टनला निघाली. सुरुवातीला त्यांचा राग व्हिस्की-रमवर होता. साइडर हे शेतावरचं, घरचं, त्याला काय दारू म्हणायचं? १८३० च्या दशकात भूमिका कडक झाली. कसलंच मद्य नको, साइडरसुद्धा नको. आईचा प्रश्न त्यांनी माझ्या आधी दोनशे वर्षं विचारला होता, आणि उत्तर 'हो' असं दिलं होतं. काही शेतकऱ्यांनी तर शपथ घेऊन आपल्याच बागांवर कुऱ्हाड चालवली.

या चळवळीकडे आज 'सोवळ्या लोकांचा हट्ट' म्हणून बघणं सोपं आहे. पण त्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लग्न झालेल्या बाईच्या कमाईवरही कायद्याने नवऱ्याचा हक्क असे. मताचा अधिकार नव्हता. नवरा पगार पिऊन आला तर तिने जायचं कुठे? १८७३ च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका गुत्त्यांसमोर फुटपाथवर, बर्फात, प्रार्थना करत बसल्या. ओहायो, म्हणजे जिथे चॅपमनने रोपं लावली होती तेच राज्य. पुढच्याच वर्षी त्यातून 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' ही संघटना उभी राहिली आणि फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या सर्वांत मोठ्या स्त्री संघटनांपैकी एक झाली.

इथे मला एक ओळखीचं नाव भेटलं. पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तो पदवीदान समारंभ मार्च १८८६ मधला. त्यासाठी रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत फिरल्या. विलर्ड यांच्याशी आणि त्यांच्या संघटनेशी त्यांचा जवळून संबंध आला. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत काढलं. त्यात या बायकांच्या दारूविरोधी कामाबद्दल त्या मनापासून लिहितात. मत द्यायचा हक्क नसलेल्या बायका संघटना करतात, सभा घेतात, सरकारला जाब विचारतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना कळावं असं त्यांना वाटत होतं. शंभराहून जास्त वर्षांनी माझी आई चिठ्ठी घेऊन रांगेत उभी राहिली. तिने रमाबाईंचं पुस्तक वाचलेलं नाही. तिला ते वाचायची गरजही पडली नसती.

साइडरला मात्र एकट्या चळवळीने मारलं नाही. जर्मन स्थलांतरित लागर बिअर घेऊन आले. माणसं शेत सोडून शहरात गेली, आणि शहरात पिंपभर साइडर नेण्यापेक्षा बिअर स्वस्त पडू लागली. मग १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली. योगायोग असा, की १७ जानेवारीलाच इंग्लंडच्या सॉमरसेट भागात 'वसेल'चा जुना सण असतो. लोक सफरचंदाच्या बागेत जमतात, झाडाच्या मुळांशी साइडर ओततात, फांद्यांत भिजवलेला पाव अडकवतात आणि गाणी म्हणतात.

दारूबंदीच्या कायद्यात एक फट होती. घरच्यापुरतं 'नशा न आणणारं' साइडर आणि फळांचे रस करायला त्यात मोकळीक होती. पण इतर पेयांची अर्ध्या टक्क्याची मर्यादा या घरच्या साइडरलाही लागू होते का? बाल्टिमोरचे खासदार जॉन फिलिप हिल यांनी मुद्दाम घरी साइडर आणि वाइन केली आणि सरकारला आव्हान दिलं. १९२४ मध्ये खटला चालला. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं, टक्का बघू नका, हे पेय खरोखर नशा आणतं का ते ठरवा. हिल निर्दोष सुटले. म्हणजे दारू कशाला म्हणायचं, हे ठरवायला बारा माणसं बसवावी लागली. मी आईला दोन सेकंदांत उत्तर दिलं होतं.

१९३३ मध्ये दारूबंदी उठली. बिअर परत आली, साइडर जवळजवळ आलंच नाही. बागांत आता खायची, गोड, चकचकीत सफरचंदं होती. 'साइडर' हा शब्द उरला तो ताज्या रसापुरता. पानगळ, भोपळे, डोनट आणि वाफाळता मसालेदार पेला. आज ज्याला लहान मुलांचं पेय म्हणतात, त्याच्या नावात हा सगळा इतिहास मुरलेला आहे.

आणि मसाला? तो तर आपल्याच बाजूचा. जायफळ एके काळी फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर होत असे. त्याच्या मक्तेदारीसाठी डच कंपनीने १६२१ मध्ये तिथल्या बहुतेक रहिवाशांना मारलं, हाकललं किंवा गुलाम केलं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी त्यांतल्या रुन या चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला आणि डचांकडून घेतलेलं मॅनहॅटन आपल्याकडे ठेवलं. माझ्या डब्यातलं जायफळ कोकणातल्या एका वाडीतून आलंय. आईने पुरणासाठी दिलं होतं.

नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा कॅन आणला. बागेवर मिळणारा रस पाश्चराइझ केलेला नसेल तर त्यावर इशारा छापलेला असतो. १९९१ मध्ये याच राज्यात अशा साइडरमधून ई-कोलायची साथ आली होती, त्यामुळे तो इशारा मी आता वाचते. मंद आच ठेवायची. खडा मसाला घालायचा, पूड नाही, पुडीने तळाशी गाळ बसतो. आल्याचा तुकडा, संत्र्याची साल पांढरा भाग काढून. ७१ अंश सेल्सियसला घातक जंतू मरतात, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर बघून घ्या. खळखळून उकळू द्यायचं नाही, ताजी चव जाते. वीस-पंचवीस मिनिटांनी गाळायचं आणि वरून जायफळ किसायचं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रस आधीच आंबला असेल, तर गरम केल्याने त्यातलं सगळं अल्कोहोल जात नाही.

त्या रात्री आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. खिडकीतला कॅन, फस्स आवाज, वास. बाबांचा उल्लेख आम्ही सहसा करत नाही, तोही केला. शेवटी म्हणाले, "तू विचारलंस ना, दारू असती का म्हणून? आज नाही. पण चार दिवस बाहेर राहिलं तर होते."

आई थोडा वेळ गप्प राहिली. तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग आजच संपव," ती म्हणाली. "आणि जायफळ जपून वापर. पुरणाला ठेव थोडं."