‘पगाराची अपेक्षा किती?’ : एका प्रश्नाचा तलासरीतला इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस केकच्या दुकानातल्या पगारावर काय बोलणार? पण मला विचाराल तर ‘पगाराची अपेक्षा किती?’ हा फार जुना आणि फार अवघड प्रश्न आहे. आपल्या श्रमाची किंमत आपण आपल्या तोंडाने सांगायची, हे माणसाला सहज जमलेलं नाही. आणि तलासरी-डहाणूच्या मातीत तर या प्रश्नासाठी माणसं गोळ्या खाऊन मेली आहेत. तेव्हा विषय हलका नाही.

समजा, इथलीच एक मुलगी आहे. बारावी झाली, केकचा कोर्स केला. स्पंजचे थर कापणं, क्रीम सारखं करणं, नोझलने गुलाब काढणं, वर सुबक अक्षरात नाव लिहिणं, हे सगळं तिला येतं. डहाणू, बोईसर, नाहीतर हद्दीपलीकडे उंबरगाव-वापीकडे एखाद्या दुकानात ‘डेकोरेटर पाहिजे’ अशी पाटी लागते. ती जाते. मालक काम बघतो, खूश होतो आणि विचारतो, “किती घेणार?” मुलगी खाली बघते आणि म्हणते, “तुम्ही द्याल ते.”

या तीन शब्दांवर मला आज बोलायचं आहे. आपण म्हणतो ती लाजली, तिला व्यवहार कळत नाही. मी म्हणतो, या तीन शब्दांना इतिहास आहे. तो कळला की उत्तर बदलता येतं.

आधी शब्दच बघू. ‘पगार’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, फेडणं. ‘पाव’ हाही त्यांचाच. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, त्याआधी दोनशे वर्षं हा किनारा त्यांच्याकडे होता. म्हणजे बेकरी आणि पगार हे दोन शब्द आपल्याकडे एकाच गलबतातून उतरले म्हणा ना!

मग त्याआधी काय होतं? देशावरच्या गावगाड्यात बलुतं होतं. सुताराने नांगर करायचा, कुंभाराने मडकी द्यायची, आणि सुगीला खळ्यावर जाऊन वाट्याचं धान्य घ्यायचं. किती घ्यायचं ते रूढीने ठरलेलं. त्यात अपमान होता, अन्याय होता, सगळं होतं. पण ‘तुझी अपेक्षा काय?’ असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. वाटा जातीबरोबर जन्मालाच चिकटलेला. अपेक्षा सांगायला आधी ‘मी हे काम नाकारू शकतो’ अशी स्थिती लागते. ती स्थितीच नव्हती.

या तालुक्यात तर त्याहून वाईट चित्र होतं. १९३० च्या दशकाच्या शेवटी मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला सांगितलं. त्याचा अहवाल १९३९ साली छापून आला. त्यात ‘लग्नगडी’ या प्रथेची नोंद आहे. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडे राबायचं. बायकोनेही राबायचं. कर्ज कागदावर फिटायचं नाही, आणि माणूस आयुष्यभर अडकायचा. एका लग्नाची किंमत दोघांचं अख्खं आयुष्य! जोडीला वेठ होती. वेठ म्हणजे मालकाने बोलावलं की फुकट जायचं. अशा माणसाला कोणी विचारलं असतं, “किती घेणार?” तर तो काय म्हणाला असता? “तुम्ही द्याल ते.” दुसरं उत्तर त्याच्या भाषेत शिल्लकच ठेवलं नव्हतं.

इथे थोडं थांबून मुंबईकडे बघू. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झाली तर भरपाई. बघा बरं का, पगार वेळेवर मिळावा ही मागणी आहे. पगार किती असावा याचा आकडा नाही. एवढ्या धाडसी माणसांनीही आधी वेळ मागितली. आकडा उच्चारणं ही फार पुढची पायरी आहे.

ती पायरी या भागात १९४५ साली चढली गेली. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन भरलं. इथले काही वारली तिथे गेले, त्यांत माह्या धांगडा होते. त्यांनी आपली स्थिती सांगितली. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले. २३ मे १९४५ रोजी झरीला, म्हणजे आपल्या तलासरीजवळच्या झरीला, परिषद झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. मारहाण झाली तर गप्प सोसायची नाही. एकी ठेवायची. आणि जमीनदाराच्या खासगी जमिनीवर काम करायचं तर रोख बारा आणे रोज घेतल्याशिवाय करायचं नाही.

बारा आणे! मंडळी, या दोन शब्दांचं महत्त्व लक्षात घ्या. पिढ्यान् पिढ्या ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणाऱ्या पाच हजार माणसांनी एकाच दिवशी एकच आकडा उच्चारला. आणि त्यात ‘रोख’ हा शब्द घातला, म्हणजे धान्यात नको, कर्जात वळतं करणं नको.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा हंगाम आला. इथलं गवत मुंबईच्या बाजारात जायचं, व्यापाऱ्यांचा मोठा धंदा होता. किसान सभेने दर सांगितला: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. नाही दिले तर कापणी बंद. संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामाला सव्वा रुपया रोज मागितला गेला, त्यासाठीही संप झाला. हा सगळा काळ गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे; त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या मुलांनी ते वाचलं पाहिजे.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून एक प्रश्न विचारतो. बारा आणे कुठून आले? अडीच रुपये कुठून आले? आकाशातून नाही पडले. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर गवत. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. बारा आण्यांचा रोज धरला तर ही साधारण सव्वातीन दिवसांची मजुरी होते. आता एवढं गवत कापायला तुम्हाला प्रत्यक्षात किती दिवस लागतात, ते तुम्हालाच माहीत. म्हणजे मजुरी मागायला आधी काम मोजावं लागतं. मालकाकडे ताजवा असतोच. मजुराकडेही स्वतःचं माप पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट. ॲडम स्मिथ म्हणजे काही लाल बावट्याचा माणूस नव्हे. पण १७७६ सालच्या त्याच्या ग्रंथात त्याने स्वच्छ लिहिलं आहे की मजुरीच्या वादात मालक वरचढ ठरतो, कारण तो साठ्यावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो आणि मजूर आठवडाभरही थांबू शकत नाही. शिवाय मालकांची आपसांत एक न बोललेली एकी असते: दर वाढवायचा नाही. म्हणून ‘अपेक्षा’ हा शब्द फसवा आहे. तो मनातल्या इच्छेसारखा वाटतो. प्रत्यक्षात ती ताकदीची मोजणी असते. ज्याला थांबता येतं, त्याचा आकडा टिकतो.

तुम्ही म्हणाल, गवत कापणं वेगळं आणि केक सजवणं वेगळं. ती कला आहे. बरोबर. म्हणून आता आपल्याच घरातल्या एका कलेकडे येऊ. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात. कुडाच्या भिंतीवर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, मध्ये पालघट देवी. हे काम सवाशिणींचं. ते बाजारात नव्हतं, म्हणून त्याला दरही नव्हता. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारखी माणसं इथे आली, भिंतीवरची रेघ कागदावर उतरली, शहरात विकली जाऊ लागली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते मोठे कलावंत होते, यात वाद नाही. पण एक गोष्ट नोंदवू. जोवर काम फुकटचं होतं तोवर ते बायकांचं होतं. त्याला दाम आला, तेव्हा पुढे नावं बहुतेक पुरुषांची आली.

आणि उलट बाजूही बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये सुरू केलेलं आणि पुढे कोसबाडला नेलेलं बालशिक्षणाचं काम आपल्या भागाचा अभिमान आहे. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना त्या कामातून आली. १९७५ पासून देशभर एकात्मिक बालविकास योजना चालू झाली. पण अंगणवाडी सेविकेला मिळतं त्याला सरकार काय म्हणतं? ‘मानधन’. पगार म्हणत नाही. म्हणजे हे काम बाई सेवा म्हणून करते आणि आम्ही तिचा मान म्हणून काही देतो! सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २०२२ साल उजाडलं.

आपल्या केकवाल्या मुलीचं दुखणं इथेच आहे. गवत कापणाऱ्याला कोणी म्हणत नाही, “तुला आवड आहे ना, मग पैशाचं काय?” तिला मात्र म्हणतात. छंद आहे, हात चांगला आहे, शिकायला मिळतंय. ज्या कामात बाईचा हात सुबक चालतो ते काम तिला निसर्गानेच दिलं, असं धरून चालतात, आणि निसर्गाने दिलेल्याचे पैसे कसले? पण क्रीम घट्ट कधी होतं, उन्हाळ्यात ते किती वेळ उभं राहतं, तीन थरांचा केक वाकडा का होतो, हे आईच्या पोटातून शिकून कोणी येत नाही. कितीतरी केक बिघडवून ते हाताला येतं. ते कौशल्य आहे. कायद्याच्या भाषेत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. आपण कुठल्या वर्गात बसतो हे विचारणं हा आगाऊपणा नव्हे.

मग तिने काय सांगावं? तुम्ही मला आकडा विचाराल. आकडा मी देणार नाही, कारण तो गावागणिक, दुकानागणिक बदलतो. पण झरीच्या ठरावांतून चार प्रश्न मिळतात, ते देतो.

पहिला : तळाची रेघ कुठे आहे? १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, आता त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली आहे. सरकार किमान दर जाहीर करतं, महागाईप्रमाणे तो बदलतो. त्याच्या खाली ‘अपेक्षा’ हा शब्दच लागू नाही, तिथे फक्त हक्क आहे. आणि हद्द ओलांडून गुजरातेत कामाला जात असाल तर दर तिथला लागेल, हेही लक्षात ठेवा.

दुसरा : माप काय? महिन्याचा पगार, रोज, की केकमागे पैसे? रोज किती तास? एकतीस डिसेंबरला, लग्नसराईत रात्री अकरापर्यंत थांबवलं तर जादा तासांचे किती? कायद्याने ते दुपटीने असतात. आकडा ऐकून हुरळू नका, तासांनी भागा. रात्री परतीची गाडी चुकली तर रिक्षाचं भाडं कुणाच्या खिशातून, तेही त्याच हिशेबात धरा.

तिसरा : वेठ आहे का? एक केक करून दाखवा, हे रास्त आहे. पण ‘पंधरा दिवस ट्रायल’ म्हणून रोज केक करून घ्यायचे, ते विकायचे आणि शेवटी “कळवतो” म्हणायचं, ही वेठच आहे. क्रीमखाली झाकली म्हणून ती वेगळी होत नाही.

चौथा : उचल घेताय का? वीटभट्टीवर जाणाऱ्यांना हे सांगायला नको. मालकाने “अडचण असेल तर आधी पाच हजार घे” म्हटलं की बरं वाटतं. माणूस चांगलाही असेल. पण आगाऊ पैसा घेतला की काम सोडायची मोकळीक गेली, आणि ती गेली की आपल्या आकड्याला वजन राहत नाही. लग्नगडी असाच सुरू झाला होता. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, पण सवय कायद्याने जात नाही.

आणि या चारांच्या आधी एक काम करा : आसपासच्या दोन-तीन दुकानांत काम करणाऱ्या मुलींना त्यांना काय मिळतं ते विचारा, आणि तुम्हाला काय मिळतं ते सांगा. आपल्याकडे पगार सांगणं असभ्य समजतात. हा सभ्यपणा कुणाच्या सोयीचा आहे याचा विचार करा. बारा आणे हा आकडा एकट्या माणसाने म्हटला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला झाडाला बांधला असता. पाच हजारांनी म्हटला, म्हणून तो आकडा झाला.

मालक मंडळी इथे बसली असतील, त्यांनाही एक सांगतो. तुमचंही भाडं आहे, विजेचं बिल आहे, न विकलेला माल फेकावा लागतो, मला कल्पना आहे. म्हणून तुमचा आकडा तुम्ही सांगा, कारणांसकट सांगा. पण समोरची मुलगी “तुम्ही द्याल ते” म्हणाली, तर तो तुमचा फायदा समजू नका. तिला परत विचारा.

इतकंच सांगायचं होतं. प्रश्न असतील ते विचारा.