छोट्या दांडीची मधली जागा

धडधाकट गाडी दुसऱ्या गाडीला बांधून हजार मैल ओढत का न्यायची, असं भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो. आपल्याकडे टोचन लागतं ते गाडी बंद पडल्यावर. इथे ॲरिझोनात माझ्या मोटारहोममागे माझी जीप रँग्लर आपल्या चारही चाकांवर धावत येते. इंजिन बंद, आत कुणी नाही. पाहुण्यांना हे पैशाचे चोचले वाटतात. माझी हयात गिअरबॉक्स उघडण्यात गेली, त्यामुळे माझं उत्तर गिअरच्या दात्यांच्या हिशेबाने सुरू होतं.

१९४५ साली विलीज कंपनीने टोलेडोच्या कारखान्यातून पहिली नागरी जीप विकायला काढली, सीजे-२ए. इंजिन युद्धातल्या जीपचंच, ६० अश्वशक्तीचं. ॲक्सलचं गुणोत्तर मात्र ४.८८ वरून ५.३८ झालं, चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. नांगर ओढायला झकास. पण हमरस्त्यावर ताशी ६० मैल धरले, की इंजिन मिनिटाला ३,८०० फेऱ्यांच्या आसपास कोकलायचं, आणि त्याची पूर्ण ताकद निघायची ४,००० वर. म्हणजे दिवसभर गाडी पिळायची आणि डोंगरापाशी पोचेपर्यंत कान बधिर करून घ्यायचे. त्यापेक्षा घरची मोठी मोटार पुढे आणि जीप तिच्यामागे, हा साधा व्यवहार होता.

तो जमला एका दांडीमुळे. जीपच्या गिअरबॉक्सला मागून चिकटलेला, इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा ट्रान्सफर केस, डाना १८. त्याच्या दोन छोट्या दांड्या: एक पुढचा ॲक्सल जोडायची, दुसरी वेगाची. या दुसरीला वरचा वेग, खालचा वेग आणि मधे न्यूट्रल. ती मधली जागा युद्धातल्या जीपमध्येही होती, पण तिला रोजचं काम दिलं शेतीने. विलीजने सीजे-२ए विकली ती ट्रॅक्टर, मालवाहू गाडी आणि फिरतं शक्तियंत्र म्हणून. मागच्या पीटीओला, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडणीला, पट्टा लावून करवत किंवा मळणीयंत्र चालवायचं, तर इंजिन फिरायला हवं आणि चाकं जागच्या जागी हवीत. न्यूट्रल ते करतं. लोकांनी तीच जागा उलट्या बाजूने वापरली: चाकं फिरू देत, इंजिन आणि गिअरबॉक्स स्वस्थ राहू देत. गाडी एका जागी उभी ठेवून काम करण्यासाठी दिलेली सोय लांबच्या प्रवासाला कामी आली.

आमच्या मामांची महिंद्राची सीजे-३बी होती. मुंबईत विलीजच्या जीप जोडायला लागलेल्या महिंद्रांनी हे घराणं पुढे कितीतरी वर्षं चालवलं. मामा म्हणायचे, "अरे, छोटी दांडी मधे घाल, मग न्यायचं तिथे ने." ट्रान्सफर केसचा धडा मी तिथेच शिकलो, अमेरिकेत फक्त अंतर वाढलं.

पुढची चाकं तरीही उरत होती. जुन्या जीपमध्ये ती ॲक्सलला कायमची जोडलेली, त्यामुळे फोर-व्हील नसतानाही पुढचा डिफरन्शियल आणि शाफ्ट फुकट फिरत, झिजत. १९४८ मध्ये सिॲटलजवळ आर्थर वॉर्न यांनी युद्धातून उरलेल्या जीपसाठी लॉकिंग हब बनवायला घेतले. हब मोकळा केला, की चाक फक्त बेअरिंगवर फिरतं, आतलं सगळं थांबतं. लांब जायचं तर काही मंडळी मागचा प्रॉपेलर शाफ्टही सोडून ठेवत. शाफ्ट जोडलेला राहिला, तर ट्रान्सफर केसवरून चालणाऱ्या केबलमुळे ओढलेले मैलही मीटरवर चढत, म्हणून कुणी केबलच काढून टाकी.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर पहिली जीपर्स जांबोरी भरली, ५५ गाड्या आणि १५५ माणसं. १९६७ मध्ये यूटातल्या मोआबला जीप सफारी सुरू झाली. जीप आता शेतावरून डोंगरात खेळायला निघाली होती. मधल्या काळात, १९६६ मध्ये, आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागोने मोटारहोम बनवायला घेतलं. घर रस्त्यावर आलं खरं. पण त्याला पाण्याचा नळ, वीज, सांडपाण्याची नळी जोडून बसल्यावर दूध आणायला कोण जाणार? मागे बांधलेली जीप.

मग अडचण आली कुलपाची. १९७० पासून अमेरिकेत नव्या मोटारींना चोरीविरोधी कुलूप सक्तीचं झालं आणि स्टिअरिंगला कुलूप घालण्याची पद्धत रुळली. ओढताना मात्र पुढची चाकं स्वतःहून वळायला हवीत. स्टिअरिंगचा अक्ष किंचित मागे झुकलेला असतो, त्या कॅस्टर कोनामुळे ती दोन गाड्या जोडणाऱ्या टो-बारच्या मागोमाग वळतात. कुलूप पडलं तर टायर फरफटतात. म्हणून किल्लीची नेमकी खाच पाहावी लागते. याच कॅस्टरमुळे जोडलेली गाडी मागे घेता येत नाही. मागे ढकललं की चाकं एका बाजूला पूर्ण वळतात आणि टो-बार वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलात, तर जोडणी सोडा.

तेलाचा प्रश्नही तितकाच जुना. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद असताना नुसत्या गिअरबॉक्सच्या न्यूट्रलवर ओढलं तर आतले भाग कोरडे जळतात. १९८८ च्या रँग्लरमध्ये साखळीचा एनपी२३१ ट्रान्सफर केस आला. त्याचा पंप मागे जाणारा शाफ्ट फिरवतो, म्हणजे ओढताना चाकंच तेल उपसतात.

आजही निघण्यापूर्वी मी मामांचीच छोटी दांडी मधे घालतो. ब्रेकवर पाय, ट्रान्सफर केस न्यूट्रलला, इंजिन चालू ठेवून गिअर रिव्हर्सला आणि मग ड्राइव्हला टाकून पाहायचं. गाडी हलली, तर न्यूट्रल लागलेलंच नाही. हलली नाही, तर इंजिन बंद, गिअर पार्कमध्ये, किल्ली कुलूप न पडणाऱ्या खाचेवर. मग टो-बार जवळपास समपातळीत आहे का, साखळ्या खालून फुलीत आहेत का, मागचे दिवे पेटतात का, आणि ब्रेकचं वेगळं यंत्र पेडल दाबतं का. दीड-दोन हजार किलोंचं ओझं पुढच्या गाडीच्या ब्रेकवर सोडणं मला पटत नाही.

अलीकडच्या बऱ्याच एसयूव्हींत ही छोटी दांडीच नाही. कॉम्प्युटर ठरवतो कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, आणि रोजच्या चालवणाऱ्याला तेच सोयीचं. पण दांडीबरोबर मधली जागाही गेली, आणि त्या गाड्यांपैकी कित्येक चारही चाकांवर ओढता येत नाहीत. त्या ट्रेलरवर चढवाव्या लागतात. म्हणून माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्याला मी किंमत आणि रंग नंतर विचारायला सांगतो. आधी मालकाच्या पुस्तिकेतलं ओढण्याचं पान उघडा. तिथे "ट्रान्सफर केस न्यूट्रल" लिहिलेलं नसेल, तर विक्रेता काहीही म्हणो, ती गाडी आपल्या कामाची नाही.