मेंढपाळाची विनवणी आणि तिचा जबाब

इंग्रजीतील जोडकविता. पहिली ख्रिस्तोफर मार्लोची (1564–1593) ‘द पॅशनेट शेपर्ड टू हिज लव्ह’, दुसरी तिचे उत्तर म्हणून लिहिलेली ‘द निम्फ्स रिप्लाय टू द शेपर्ड’. उत्तर सर वॉल्टर रॅलीचे (मृत्यू 1618) मानले जाते. ‘इंग्लंड्स हेलिकॉन’ (1600) या संग्रहात दोन्ही पाठोपाठ आल्या, पण दुसरीखाली ‘इग्नोटो’, म्हणजे अज्ञात, एवढेच छापले होते. रॅलीचे नाव रूढ केले आयझॅक वॉल्टनने, ‘द कम्प्लीट अँग्लर’ (1653) या मासेमारीवरच्या पुस्तकात. तिथे एक गवळण मार्लोचे गाणे म्हणते आणि जबाब तिची आई देते! वयाचा हा फरक वॉल्टनने नेमका हेरला आहे.

कोकणातून कुर्ला, घाटकोपर, भांडुप भागात आलेल्या चाकरमान्यांना सवाल-जबाबाचा हा प्रकार नवा वाटू नये. गणपतीत कुर्ला टर्मिनसवरून गाडी पकडून गावी जायचे आणि तिथे रात्र रात्र शक्ती-तुऱ्याचे नाच पाहायचे, ही त्यांची जुनी रीत. शक्तीवाले प्रकृतीचा पक्ष धरतात, तुरेवाले शिवाचा. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जबाब द्यायचा. मार्लो-रॅलीतही हेच घडते. दोन्ही कविता सहा कडव्यांच्या, प्रत्येक कडवे चार ओळींचे, यमक दोन-दोन ओळींना. रॅली मार्लोचीच चाल उचलतो आणि त्याचीच यादी त्याच्यावर उलटवतो.

यादी पाहण्यासारखी आहे. मार्लोचा मेंढपाळ प्रेयसीला गुलाबांची शेज, फुलांची टोपी, कोकरांच्या लोकरीचा झगा, गवताचा आणि वेलीच्या कळ्यांचा कमरपट्टा देऊ करतो. इथवर ठीक. पुढे मात्र सोन्याचे बक्कल, पोवळ्यांच्या कड्या आणि अंबराची बटणे येतात. मेंढरे राखणाऱ्याकडे एवढे सोने कुठून आले, हे मार्लो सांगत नाही. हा मेंढपाळ दरबारी थाटात रंगवलेला आहे, आणि त्याच्या डोंगरात कायम मे महिनाच असतो. लग्न, घर, मुले, म्हातारपण यांचा उल्लेखच नाही. थंडीची चाहूल एकाच ठिकाणी लागते: सपाता आतून अस्तर लावलेल्या असतील, असे आश्वासन तो देतो.

जबाब देणारी नेमकी त्या थंडीवर बोट ठेवते. नद्या खवळतात, खडक गार पडतात, मेंढरे माळावरून कोंडवाड्यात परततात, झगे विरतात, फुले कोमेजतात. मार्लोकडे पाखरे धबधब्याच्या सुरात गातात. रॅलीकडे फिलोमेल, म्हणजे बुलबुल, मुकी होते. ग्रीक कथेतील फिलोमेलावर बलात्कार करून तिची जीभ कापली जाते. ही कथा ठाऊक असणाऱ्याला त्या एका शब्दात पुरुषाच्या गोड बोलण्याविषयीचा सारा अविश्वास दिसेल. तरीही तिचे उत्तर सरळ नकार नव्हे. तारुण्य टिकणार असेल, प्रेम आटणार नसेल, तर मी येईन, अशी अट घालून ती थांबते. टीकाकार तिला रूक्ष, व्यवहारी म्हणतात, ते पटत नाही. नात्याचा काळाशी संबंध असतो हे या दोघांत तिलाच कळले आहे.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. तिचा आवाज पुरुषाने लिहिलेला आहे. आपल्याकडेही फार वेगळे नव्हते: शक्तीचा पक्ष मांडणारे शाहीर परंपरेने पुरुषच, आणि जुन्या तमाशात बाईचे सोंग पोरे घेत. गौळणीत कृष्णाची वाट अडवणारी आर्जवे आणि गोपींची तक्रार दोन्ही येतात, पण लिहिणारे बहुधा संत किंवा शाहीर. (आपल्या गौळणी लिहून एकनाथ 1599 मध्ये निवर्तले. त्याच वर्षी ‘द पॅशनेट पिल्ग्रिम’ या शेक्सपिअरच्या नावावर खपवलेल्या संग्रहात मार्लोची कविता चार कडव्यांत आणि जबाबाचे एक कडवे असे प्रथम छापले गेले. मार्लो तेव्हा हयात नव्हता.)

या सवालाला पुढेही जबाब येत राहिले. जॉन डनने ‘द बेट’मध्ये मेंढपाळाऐवजी गळ टाकणारा आणला आणि प्रेयसीलाच आमिष ठरवले. विसाव्या शतकात सेसिल डे लुईसने ‘अ टाइम टू डान्स’ (1935) या संग्रहात सारा देखावा बंदरावर हलवला. त्याचा प्रियकर अधूनमधून मिळणाऱ्या कामावर जगतो, आणि त्यातून जमेल तेवढेच अन्न-निवारा देऊ करतो. सोन्याच्या बकलांची जागा इथे कष्ट घेतात. जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये घेतलेल्या कुर्ल्याच्या स्वदेशी मिलसारख्या गिरण्यांत ज्यांच्या घरची माणसे राबली आणि 1982 च्या संपाने ज्यांच्या चुली विझल्या, त्या वाचकांना या मालिकेतली हीच कविता सर्वांत जवळची वाटेल. मार्लोचा मेंढपाळ त्यांना चैनी वाटला, तरी तक्रार करता येणार नाही.